सटवाजीच्या आईचं अत्तर

ऑनलाइन अत्तर विकणाऱ्या लोकांचा माझ्यावर राग आहे. असणारच. तीन वर्षांत मी अकरा कुप्या परत पाठवल्या आणि प्रत्येकीखाली माझा अभिप्राय लिहिला. 'शंभर टक्के शुद्ध गुलाब' असं छापलेल्या कुपीखाली मी लिहिलं, 'गुलाब या मालाच्या वाटेलाही गेलेला नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या अगरबत्तीला याहून बरा वास येतो. वसंतराव, लातूर.' त्या दुकानदाराने चक्क फोन केला आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या कंपनीचे?" मी म्हणालो, "जिल्हा परिषदेचा. निवृत्त शिक्षक."

खरं अत्तर ओळखायला मशीन लागत नाही. हाताच्या मागच्या बाजूला एक ठिपका लावायचा आणि कामाला लागायचं. नकली माल पुढाऱ्यासारखा एकदम अंगावर येतो आणि पाऊण तासात दिसेनासा होतो. खरं अत्तर आधी गप्प असतं. तासाभराने आपण भाजी निवडत असतो, तेव्हा ते हळूच सांगतं की मी आहे. पूर्वी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात एक म्हातारा अत्तरवाला होता, तो मला तासभर बसवून घ्यायचा. तो करोनात गेला. त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मग पुण्याहून आमच्या मुलाने, अनिमेषने, फोनमध्ये ॲप टाकून दिलं, आणि तेव्हापासून माझं हे भांडण सुरू आहे.

नाक मला वडिलांकडून मिळालं. रेणापूरच्या शाळेत मी फळ्याकडे तोंड करून सांगायचो की तिसऱ्या बाकावरच्या दप्तरात पेरू आहे. पोरं मला मागून 'नाकवाले गुरुजी' म्हणत. माझी बायको गोदावरी तर येईल त्याला सांगते, "यांच्या नाकापायी मला तीस वर्षांत एकदाही शिळी भाजी खपवता आली नाही." लोक हसतात, मीही हसतो. पण या नाकाचा मला अभिमान आहे असं कुणाला वाटत असेल, तर ते खरं नाही. एकदा तो वाटला होता. त्याचं जे झालं, ते मी गोदावरीलाही कधी सांगितलेलं नाही.

आमचं घर लातूरच्या क्लासेसच्या भागात आहे. या भागात आता घराला घर म्हणत नाहीत, होस्टेल म्हणतात. प्रत्येक खांबावर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो आणि फोटोखाली मार्क. आम्हीही वरच्या मजल्यावर चार खोल्या काढल्या आणि नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना दिल्या. गेल्या जूनमध्ये एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलीचं नाव पुनम, पहिल्या वेळी थोडक्यात हुकलेली, आता पुन्हा वर्ष देणार. बापाचं नाव सटवाजी. उंच, वाळलेला माणूस, पन्नाशीच्या आतला. बसताना त्याने खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतली. मी मनात म्हणालो, हा तिकडचा. तिकडची माणसं भिंतीला टेकून बसत नाहीत.

"गाव कोणतं?" गोदावरीने चहा देताना विचारलं.

"किल्लारी."

मी बशी खाली ठेवली. किल्लारी म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मी तो कधी विचारत नाही. गोदावरीने विचारला.

"आई अन् धाकली बहीण," सटवाजी म्हणाला. "वडील आदीच वारलेले. म्या विसर्जन बघाया लातूरला आलतो, दोस्ताकडंच निजलो, म्हणून हाय. बहीण आठ वर्साची हुती. शिवकन्या."

"अरेरे," गोदावरी म्हणाली.

"पर आमच्या आईचं येगळं हाय, वैनी." तो सावरून बसला. हे त्याने बऱ्याच वेळा सांगितलं असावं, आणि सांगताना त्याला बरं वाटत असावं. "सहाव्या दिवशी काढलं दोघींला. गावात तवा काय वास हुता, इचारू नगा. पर आमच्या आईच्या अंगाला वास न्हाई. पोरीच्या बी न्हाई. आत्ताच डोळा लागल्यागत. मारुतीच्या मागं निळ्या चौकटीचं घर आमचं, तिथं लोकांची रांग लागली पाया पडाया. लई पुण्यवान बाई म्हणले. हुतीच. दारातनं कुणाला उपाशी जाऊ दिलं न्हाई तिनं. झोपेतच गेल्या दोघी. कळलं बी न्हाई त्यांला. देवानं तेवढं एक बरं केलं."

मग त्याने सांगितलं की दर तीस सप्टेंबरला तो जुन्या गावात त्या जागेवर जातो आणि घराच्या जोत्याच्या दगडाला अत्तराचा फाया लावतो. हार नाही, नारळ नाही. जिच्या अंगाला मरणाचा वास लागला नाही, तिला सुवास द्यायचा, बस. आता गल्लीतली पंचवीस-तीस माणसंही येतात आणि एकेक फाया लावून जातात.

पुनम पायाच्या अंगठ्याने फरशीची रेघ घासत बसली होती. बाप बोलत असताना तिने एकदाही वर पाहिलं नाही.

निळी चौकट मी पाहिलेली आहे.

त्र्याण्णव साली मी एकोणतीस वर्षांचा होतो. भूकंपाची बातमी आली त्याच दिवशी आम्ही रेणापूरचे नऊ शिक्षक जीप करून किल्लारीला गेलो. आमचे मुख्याध्यापक वीरभद्र सर पुढे होते. पहारी, फावडी, घमेली घेतलेली. तिथे गल्ल्या उरल्याच नव्हत्या. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीची माळवदं, सगळं खाली बसलेलं आणि त्यावर पाऊस. पहिले दोन दिवस आम्ही हाका ऐकून खणलं. कुठून कण्हल्याचा आवाज आला की तिकडे धावायचं. सात जणांना जिवंत काढलं. तिसऱ्या दिवशी हाका थांबल्या.

माणसं नऊ आणि ढिगारे शेकड्यांनी. कुठे खणायचं हे कशावरून ठरवणार? वीरभद्र सरांनी ठरवलं, जिथे वास तिथे खणायचं. निदान माणसांना अग्नी तरी मिळेल. सगळ्यांनी नाकाला नीलगिरीच्या तेलाचे रुमाल बांधले होते. सर मला म्हणाले, "वसंतराव, तुमचं नाक चांगलं आहे. तुम्ही रुमाल सोडा आणि पुढे चला."

मला अभिमान वाटला. त्या जागी, त्या चिखलात, मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

मी पुढे चालायचो, वाकायचो, हात वर करायचो, आणि आठ माणसं तिथे फावडी घालायची. एकदाही चुकलो नाही. मारुतीच्या मागे एक निळी चौकट तेवढी तिरपी उभी होती, बाकी घर खाली. मी तिच्याशी वाकलो. ओली माती, भिजलेली ज्वारी, सांडलेलं रॉकेल. बाकी काही नाही. शेजारच्या दगडावर एक म्हातारी बसून होती. ती म्हणाली, "आत दोघी हायत रं बाबा. माय अन् लेक."

मी म्हणालो, "असत्या तर वास आला असता, आजी."

आणि पुढच्या घराकडे हात केला.

सहाव्या दिवशी परतताना आम्ही त्याच बाजूने आलो. दुसऱ्या कुठल्या गावची माणसं निळ्या चौकटीपाशी दोघींना बाहेर काढत होती. अंथरुणं रचायची लाकडी घडवंची आडवी पडून तिच्याखाली दोन माणसं अंग चोरून बसतील एवढी पोकळी राहिली होती. त्या पोकळीत एक पितळेचा तांब्या होता. सरळ उभा, रिकामा. अख्ख्या गावात एकही भांडं सरळ राहिलं नव्हतं. हा कुणीतरी हाताने सरळ ठेवला होता. बाईच्या उजव्या हाताची नखं मुळापासून तुटलेली होती. अठरा वर्षांचा एक पोरगा तिचे पाय मांडीवर घेऊन बसला होता आणि येईल त्याला सांगत होता, वास न्हाई बगा, वास न्हाई. लोक हात जोडत होते.

मेलेलं माणूस तिसऱ्या दिवशी वास मारतं. जिवंत माणसाला तो वास नसतो. एवढा साधा हिशेब मी, शाळेत गणित शिकवणारा माणूस, त्या चौकटीशी केला नव्हता. वीरभद्र सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चला." त्यानंतर ते बावीस वर्षं जगले, दर दसऱ्याला सोनं द्यायला घरी येत राहिले, पण किल्लारीचं नाव आम्ही दोघांनी कधी काढलं नाही.

आणि आता तोच पोरगा माझ्या घरी बसून दुसरा कप चहा घेत होता आणि विचारत होता, "पोरीला संभाळशाल न्हवं, गुरुजी?"

मी हो म्हणालो. पुनमला पूर्वेकडची हवेशीर खोली दिली. दुसरं काय करणार होतो?

ऑगस्टमध्ये सटवाजी मुगाच्या शेंगा घेऊन आला. पोरीला भेटला आणि खाली येऊन माझ्यापुढे बसला, खुर्ची पुन्हा भिंतीपासून पुढे ओढून.

"एक काम हुतं, गुरुजी. गेल्या साली बाजारातनं हिना अत्तर आणलं, तर चार दिसांत त्येला घासलेटाचा वास. लई जीव तुटला. आईपुढं भेसळ नको वाटती. अन् यंदा तीस वर्सं हुत्यात. पुनम म्हणली, काका ऑनलाइन मागवत्यात, नुसत्या वासावरनं वळखत्यात. तेवढं एक चांगलं हिना बगा. तुमच्या नाकाला पटंल तेच घिऊ."

मला त्या क्षणी उठून न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं. मी म्हणालो, "बघतो."

पहिली कुपी मखमली पिशवीत आली, सोबत शुद्धतेचं प्रमाणपत्र. उघडली तर केसांच्या तेलाचा वास. परत. दुसरी सुरुवातीला बरी वाटली. मला आशाही वाटली. अर्ध्या तासाने हातावर नुसता चिकटपणा राहिला, शिलाई मशीनच्या तेलाचा. परत पाठवायला गेलो तर उत्तर आलं, सील तोडलेला माल परत घेतला जात नाही. मी लिहिलं, 'सील न तोडता वास कसा घ्यायचा, ते पत्राने कळवा.' एरवी अशा उत्तरावर मी दोन दिवस खूश असतो. या वेळी लिहून झालं आणि फोन उलटा ठेवला.

तिसरं दुकान अत्तरांच्या गावचं, कनौजचं. फोटो धड नाही, जाहिरात नाही. दहा मिलीची साधी काचेची कुपी, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी. ठिपका लावला तर काहीच नाही. मी वैतागून वर्तमानपत्र उचललं. तासाभराने गोदावरी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, काय लावून बसलात? घरात लग्न असल्यासारखं वाटायलंय." तेव्हा माझ्याही नाकाला ते पोचलं. लवंग, ओली मेंदी, शालू ठेवलेल्या जुन्या पेटीचा वास, आणि सगळ्याखाली चंदन. खरं होतं. तीन वर्षांत एवढं खरं अत्तर मला मिळालं नव्हतं, आणि ते मिळालं या कामासाठी.

तेव्हाच मी ठरवलं की सटवाजीला सांगायचं. तीस तारखेला, त्याच जागेवर. जन्मठेपसुद्धा कधीतरी संपते. तो मारेल, थुंकेल, पोरीला घेऊन जाईल, काहीही करेल. मी मनात वाक्यं तयार करायला लागलो. दाढी करताना, दळण आणायला जाताना तीच वाक्यं. 'सटवाजी, मला तुम्हाला एक सांगायचंय' इथपर्यंत यायचो. पुढे 'तुमची आई' म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. पण ठरवल्यावर मला बरं वाटू लागलं होतं, हे खरं. झोपही लागायला लागली होती.

सप्टेंबरच्या मधल्या रविवारी दुपारी पुनम टेस्ट देऊन आली आणि खाली दही मागायला आली. मी पुढच्या खोलीत कुपी घेऊन बसलो होतो.

"हेच का, काका? आजीसाठी?"

मी तिच्या हाताच्या मागे ठिपका लावला. तिने वास घेतला. वर जाईल असं वाटलं, पण ती समोर बसली.

"एक विचारू? बाबांना सांगायचं नाही."

"विचार."

"सहा दिवस, ओल्या मातीखाली, एवढ्या उकाड्यात. बॉडी तशी राहते का?"

मी कुपीला बूच लावलं.

"नाही राहत," ती म्हणाली. क्लासमधलं उत्तर सांगावं तसं सरळ. "आमच्या गावची मनस्विनीदीदी नांदेडला एमबीबीएस करतेय. तिच्या पुस्तकात तक्ता आहे, किती तासांनी काय होतं त्याचा. मी फोटो मागवला होता गेल्या वर्षी. परीक्षेच्या आधी. मागवायला नको होता." ती थांबली. "आजी आणि आत्या पाचव्या दिवसापर्यंत जिवंत होत्या, काका. कुणी खणलं नाही. बाबांना वाटतं चमत्कार झाला."

मी तिला सगळं सांगितलं. तयार केलेलं एकही वाक्य वापरता आलं नाही. रुमाल, वीरभद्र सर, निळी चौकट, ओली ज्वारी. तांब्याचं सांगितलं. नखांचं सांगायचं नव्हतं, तेही सांगून गेलो. ती हाताच्या मागच्या त्या ठिपक्याकडे बघत ऐकत होती. पंखा फिरत होता. स्वयंपाकघरात गोदावरीचं भांड्यांचं काम चाललं होतं.

"त्या म्हातारीने सांगितलं होतं, आत दोघी आहेत म्हणून?" पुनमने विचारलं.

"हो."

"तरी?"

"हो. तरी."

तिने अंगठ्याने तो ठिपका चोळला. मग म्हणाली, "तुम्हाला बाबांना सांगायचंय."

"तीस तारखेला. तिथेच."

"कशाला?"

"त्यांना खरं कळायला पाहिजे, पुनम. त्यांचा हक्क आहे तो."

"त्यांनी मागितला का?" लातूरला आल्यापासून ती पुस्तकातलं बोलायची. आता तिचं बोलणं एकाएकी गावाकडचं झालं. "बाबा रोज निजताना म्हणत्यात, आई झोपेत गेली. तेवढं म्हणत्यात अन् मग निजत्यात. म्या ल्हानपनापासनं ऐकत आले. तुम्ही सांगितलं की तुमाला झोप लागंल, काका. त्यांची जाईल. आजी त्यांच्यासाठी एकदा मेली. आता त्यांच्या मनात तिला पुन्ना पाच दिवस त्या अंधारात नगा ठिवू."

मला लागलेली ती झोप आठवली आणि स्वतःची किळस आली. एकोणिसाव्या वर्षी ही पोर हे ओझं एकटी घेऊन अभ्यास करत होती, आणि मी साठाव्या वर्षी माझं ओझं तिच्या बापाच्या डोक्यावर ठेवून मोकळा व्हायला निघालो होतो.

"मला माफ कर," मी म्हणालो.

"माझ्याकडं न्हाई माफी," ती म्हणाली. "ज्यांच्याकडं हुती त्या गेल्या."

गोदावरीने आतून हाक मारली, "पुनम, दही घेऊन जा गं." ती उठली, दह्याची वाटी घेतली आणि वर गेली. संध्याकाळी तिच्या खोलीतून फिजिक्सची सूत्रं मोठ्याने पाठ केल्याचा आवाज येत होता. रोजच्यापेक्षा मोठ्याने.

तीस तारखेला आम्ही तिघं जीपने गेलो, गोदावरी, पुनम आणि मी. जुन्या गावात बाभळी माजल्या आहेत आणि बाभळींच्या मधून जोती दिसतात. सरकारी श्रद्धांजली स्मारकापाशी चालली होती, तिकडून भोंग्याचा आवाज येत होता. मारुतीच्या मागे मात्र नुसती माणसं उभी होती, तीसेक. म्हाताऱ्या, दोन-तीन सुना, कारखान्यातून सुट्टी काढून आलेले गडी. निळी चौकट केव्हाच गेलेली. जोत्याचा एक दगड तेवढा काळा आणि तुकतुकीत झाला होता, तीस वर्षांच्या अत्तराने.

सटवाजीने धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्याने माझ्या हातून कुपी घेतली, कपाळाला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पयला फाया गुरुजींचा. एवढं खरं अत्तर ह्यांच्या नाकामुळं मिळालं."

मी वाकलो. मागे वाकलो होतो त्याच जागी. फाया दगडाला लावला, तरी हात तिथून उचलला नाही. एका म्हातारीने शेजारच्या बाईला हळूच म्हटलं, "लई भाव हाय बगा मास्तराच्या मनात." मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

माणसं एकेक करून फाये लावत गेली. सटवाजी माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"वैनी म्हणत हुत्या, तवा तुमी बी मदतीला आलता. आमच्या गल्लीत आलता का, गुरुजी?"

पुनम कापसाचा पुडा हातात धरून दोन पावलांवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कापूस सोडवत राहिली.

"नाही," मी म्हणालो. "आम्ही वेशीकडे होतो. इकडे यायचं झालं नाही."

"तसं न्हवं, आमची शेजारची म्हातारी सांगायची म्हणून इचारलं. ती ऱ्हायली न्हाई आता. ती म्हणायची, तिसऱ्या दिशी कुणी मास्तरलोक आलते. दारापतुर आले अन् पुडं गेले. मरस्तोवर त्यांला शिव्या द्यायची बगा." सटवाजी दगडाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "म्या तिला म्हणायचो, आजे, त्यांचा काय गुन्हा? आई तर पयल्या धक्क्यालाच गेलती, झोपेत. त्यांनी खणलं असतं तरी काय परत येणार हुती? उगी कुणाला बोल लावावा. ते बिचारे दुसऱ्याचं जितं माणूस काढाया गेले असतील. खरं का न्हाई, गुरुजी?"

तीस वर्षं ज्या माफीसाठी मी तडफडलो, ती तो मला देत होता. मोकळ्या मनाने, न मागता. आणि ती ज्या एका गोष्टीवर उभी होती, ती खोटी आहे हे तिथे उभ्या असलेल्या माणसांत फक्त मला आणि त्याच्या मुलीला माहीत होतं. पुनमचा हात कापसात थांबला होता.

"खरं आहे," मी म्हणालो.

"व्हय की," सटवाजी म्हणाला. त्याने समाधानाने मान हलवली, कुपीतला एक थेंब बोटावर घेतला आणि लग्नात पाहुण्याला लावतात तसा माझ्या हाताच्या मागे लावला. मग तो गोदावरीकडे वळला आणि म्हणाला, "वैनी, जेवल्याबिगर जायचं न्हाई. घरी सैपाक झालाय."